कपाटातल्या चाचण्यांवरून विषय ठरवू नका
वाचकांचे प्रश्न : मानसशास्त्रातील पीएच.डी.

मानसशास्त्रात पीएच.डी. करू पाहणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे आली. सारखे प्रश्न एकत्र करून ही उत्तरे दिली आहेत. नियमांचा उल्लेख आहे तिथे विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) २०२२ चे पीएच.डी. विनियम धरले आहेत. विद्यापीठागणिक तपशील बदलतात, म्हणून आपल्या विद्यापीठाचे ताजे परिपत्रक हाताशी ठेवूनच वाचावे.

प्रश्न : मी मानसशास्त्रात एम.ए. आहे, ५८ टक्के. मला समुपदेशन करायचे आहे. घरचे म्हणतात, आधी पीएच.डी. कर, नावाआधी ‘डॉ.’ लागले की लोक आपोआप येतील. हे बरोबर आहे का? (कोल्हापूर)

उत्तर : ‘डॉ.’ लागेल, पण उपचार करायचा अधिकार त्यातून मिळणार नाही. पीएच.डी. ही संशोधनाची पदवी आहे. त्या चार-पाच वर्षांत तुम्ही शेकडो लोकांकडून प्रश्नावल्या भरून घ्याल, पण अनुभवी चिकित्सकाच्या देखरेखीखाली एकाही रुग्णासमोर बसाल असे नाही. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ कोणाला म्हणायचे हे मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये लिहिलेले आहे. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने (आरसीआय) मान्य केलेली अर्हता लागते. वर्षानुवर्षे त्याचा रस्ता म्हणजे एम.ए.नंतर दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल., तेही रुग्णालयातल्या देखरेखीखालच्या प्रशिक्षणासह. बाकी विषयांतले एम.फिल. बंद झाले तरी क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एम.फिल.ला यूजीसीने २०२५-२६ या सत्रापर्यंत मुभा दिली होती. पुढचे अभ्यासक्रम नव्या रचनेचे आहेत. प्रवेश घेण्याआधी संस्थेचे नाव आरसीआयच्या यादीत, त्याच वर्षासाठी आणि त्याच अभ्यासक्रमासाठी आहे ना, हे स्वतः पाहा. जाहिरातीत ‘आरसीआय पॅटर्न’ असे लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ मान्यता आहे असा होत नाही.

शाळेत समुपदेशक व्हायचे असेल तर एम.ए. आणि चांगले प्रशिक्षण यावर काम सुरू होते. पीएच.डी. करावी ती एखादा प्रश्न सुटल्याशिवाय चैन पडत नाही म्हणून, किंवा विद्यापीठात शिकवायचे आणि संशोधन करायचे म्हणून. तुम्हाला माणसांसोबत बसायचे आहे, तर ही पाच वर्षे चुकीच्या रांगेत जातील.

प्रश्न : प्रवेशासाठी नेट लागते की पेट? सेट झालेली असेल तर? (लातूर)

उत्तर : जून २०२४ पासून नेटचा (राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा) निकाल तीन गटांत लागतो. पहिला गट जेआरएफचा, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिपचा. दुसऱ्यातले उमेदवार सहायक प्राध्यापकपदाला आणि पीएच.डी. प्रवेशाला पात्र ठरतात, तिसऱ्यातले फक्त पीएच.डी. प्रवेशाला. दुसऱ्या-तिसऱ्या गटाला नेटच्या गुणांचे वजन ७० टक्के आणि मुलाखतीचे ३० टक्के असते. पीएच.डी. प्रवेशासाठी हे गुण एकच वर्ष चालतात. इथेच अनेकांची गाडी चुकते. निकाल लागला म्हणून निर्धास्त बसतात, तोवर विद्यापीठाची जाहिरात निघून प्रवेश पार पडेपर्यंत वर्ष उलटते. विद्यापीठ स्वतःची पेट (पीएच.डी. प्रवेश परीक्षा) घेत असेल तर तीत निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात. नेटमध्ये मानसशास्त्राचा पेपर दोन म्हणजे १०० प्रश्न, २०० गुण. पेपर एकचे ५० प्रश्न, १०० गुण. दोन्ही मिळून तीन तास.

सेट (राज्य पात्रता परीक्षा) ही महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. ती सहायक प्राध्यापकपदाची पात्रता आहे, तिच्यातून जेआरएफ मिळत नाही. सेटधारकांना पेटमधून सूट आहे का, ते त्या-त्या विद्यापीठाच्या सूचनेत असते.

एम.ए.ला ५५ टक्के हवेत. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस उमेदवारांना ५ टक्के सवलत आहे. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी उत्तीर्ण असाल तर थेट अर्ज करता येतो. करता येतो, पण करावा का? मानसशास्त्रात चाचण्या स्वतः देण्याची, गुण काढण्याची आणि अहवाल लिहिण्याची सवय बहुधा एम.ए.च्या प्रात्यक्षिकांतच लागते. ती नसेल तर पीएच.डी.चे पहिले वर्ष तीच कमतरता भरून काढण्यात जाते.

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. नोकरी सांभाळून किती वर्षे लागतील? गाइड म्हणतात, ‘जागा रिकामी नाही.’ जागा म्हणजे काय? (जळगाव)

उत्तर : अर्धवेळ पीएच.डी.ला परवानगी आहे. त्यासाठी संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि संशोधनासाठी वेळ दिला जाईल असे त्यात लिहिलेले असावे लागते. दूरशिक्षणाने वा ऑनलाइन पीएच.डी. होत नाही. तशी कोणी विकत असेल तर दूर राहा. मुदत कमीत कमी तीन वर्षे, जास्तीत जास्त सहा. पुढे दोन वर्षांची वाढ मिळू शकते. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांना आणखी दोन, म्हणजे एकूण दहापर्यंत. प्रसूती आणि बालसंगोपनाची २४० दिवसांपर्यंतची रजा वेगळी.

‘जागा’ म्हणजे गाइडच्या नावावर एका वेळी किती संशोधक असू शकतात त्याची मर्यादा : प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६, सहायक प्राध्यापकाकडे ४. ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला आहे त्यांना नवा संशोधक घेता येत नाही. म्हणून गाइड निवडताना त्यांचे प्रसिद्ध शोधनिबंध वाचा आणि निवृत्तीचे वर्षही पाहा. ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर त्यांच्या हाताखाली पूर्ण झालेले प्रबंध सापडतात. नोंदणी आणि पदवी यांच्या तारखा ताडून पाहिल्या की सरासरी किती वर्षे लागतात ते कळते. हे कोणी तोंडाने सांगत नाही.

कोर्सवर्क (सुरुवातीचे सक्तीचे वर्ग) किमान १२ श्रेयांकांचे असते, त्यात संशोधन व प्रकाशन नीतीचा विषय सक्तीचा आहे आणि ५५ टक्के मिळवावे लागतात. नोकरदारांनी ते सुट्टीत उरकायचा विचार करू नये. हजेरीचे नियम कडक असतात.

प्रश्न : माझा विषय : ‘महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमधील भावनिक बुद्धिमत्ता, समायोजन व ताण यांचा लिंग व निवासस्थानाच्या संदर्भात अभ्यास.’ गाइडनी ४०० चा नमुना सांगितला आहे : २०० मुले, २०० मुली, निम्मे शहरी, निम्मे ग्रामीण. आरआरसीने (विषय मंजूर करणाऱ्या विद्यापीठाच्या समितीने) ‘नावीन्य काय?’ असे विचारून परत पाठवला. काय करू? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : आरआरसीचे बरोबर आहे. शोधगंगेवर हे तीन शब्द टाकून पाहा, तुमच्या विषयाची भावंडे पानेच्या पाने सापडतील. असे विषय कसे जन्मतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. विभागाच्या कपाटात भावनिक बुद्धिमत्तेची एक चाचणी आहे, समायोजनाची एक आहे, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत. त्यांची बेरीज करून शीर्षक होते, मग ‘लिंग’ आणि ‘निवासस्थान’ जोडून दोन गुणिले दोनचा आराखडा. प्रश्न कुठेच नसतो. मुलींचे समायोजन मुलांपेक्षा वेगळे का असावे, याचे एकही कारण प्रस्तावनेत नसेल तर फरक निघाला काय, न निघाला काय, ज्ञानात काही भर पडत नाही.

आता ४०० या आकड्याचे पाहू. एवढा नमुना असला की ०.१० इतका क्षीण सहसंबंधसुद्धा ०.०५ पातळीवर ‘सार्थ’ (योगायोगापलीकडचा) ठरतो. ०.१० चा वर्ग ०.०१, म्हणजे एका चलातली एक टक्का विविधता दुसऱ्याने समजते. त्यावर ‘भावनिक बुद्धिमत्ता वाढवल्यास ताण कमी होईल’ असा निष्कर्ष लिहिलेले प्रबंध आहेत. नमुना परंपरेने नव्हे, अपेक्षित परिणामाच्या आकारावरून ठरवायचा. द्विपुच्छ (दोन्ही दिशा धरणारी) ०.०५ पातळी आणि ८० टक्के शक्ती (खरा संबंध असल्यास तो सापडण्याची शक्यता) धरली तर ०.३० सहसंबंध पकडायला सुमारे ८५ लोक पुरतात, ०.२० ला १९४, ०.१० ला ७८० च्या आसपास. दोन गटांतला मध्यम फरक (डी = ०.५, म्हणजे अर्ध्या प्रमाणित विचलनाइतका) शोधायला प्रत्येकी ६४. ‘जीपॉवर’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे पाच मिनिटांत निघते. त्या पडद्याचे चित्र सिनॉप्सिसला (संशोधनाच्या आराखड्याला) जोडले की समितीचा अर्धा वाद तिथेच मिटतो.

पण हे आकडे चाचणी अगदी बिनचूक मोजते असे धरून आहेत. तशी ती मोजत नसते. एका चाचणीची विश्वसनीयता (मोजमापातले सातत्य) ०.६० आणि दुसरीची ०.७० असेल, तर खरा ०.३० चा सहसंबंध तुमच्या हाती ०.१९ म्हणून येतो. मग ८५ नव्हे, सुमारे २१५ लोक लागतात. कच्ची चाचणी नमुन्याच्या रूपाने पैसे वसूल करते.

आणखी एक गोष्ट, जी मराठी प्रबंधांत फारच कमी वेळा दिसते. तुम्ही ४०० विद्यार्थी बहुधा आठ महाविद्यालयांतून, एकेका वर्गात शिरून, पन्नास-पन्नासच्या गठ्ठ्याने घ्याल. एका वर्गातली मुले एकमेकांसारखी असतात : तेच शिक्षक, तीच परीक्षा, तेच गाव. हे साम्य थोडेच (०.०५) धरले तरी हिशेब असा : १ + (५० − १) × ०.०५ = ३.४५. तुमचे ४०० भागिले ३.४५, म्हणजे सांख्यिकीच्या नजरेत ११६. उपाय म्हणजे कमी मुले जास्त ठिकाणांहून घेणे, किंवा विश्लेषणात बहुस्तरीय (विद्यार्थी आणि वर्ग असे दोन्ही स्तर धरणारे) प्रतिमान वापरणे. नुसता टी-टेस्ट लावून सोडले तर बाहेरचा चांगला रेफरी (प्रबंधाचा परीक्षक) हेच विचारील.

विषय वाचवायचा असेल तर एक चल काढा, एक कारण घाला. गावाकडून शहरात वसतिगृहात आलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलांना घराशी रोज फोनवर बोलणे आधार देते की घरची ओढ वाढवते? हा प्रश्न आहे. त्याची दोन उलट उत्तरे सिद्धांतातून निघतात, दोन्ही तपासता येतात आणि एकाच गटाला जुलै, ऑक्टोबर आणि मार्च असे तीनदा भेटावे लागते. तीन भेटींत गळती होते. शेवटी १५० हवे असतील तर २२० पासून सुरुवात करा. तुमचा प्रश्न वेगळा असेल, पण त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह देता आले पाहिजे. ‘…चा अभ्यास’ असे संपणारे शीर्षक नोंदणीसाठी ठेवा हवे तर, स्वतःच्या वहीत मात्र प्रश्न लिहा. नोंदणीनंतर शीर्षक बदलायला पुन्हा समितीसमोर जावे लागते आणि त्यात महिनोन्‌महिने जातात.

प्रश्न : मला हवी ती चाचणी इंग्रजीतच आहे. शेतकरी महिलांवर काम करायचे आहे. मी स्वतः भाषांतर केले तर चालेल का? (सातारा)

उत्तर : एकटीने नाही. आणि भाषांतराआधी परवानगी. काही चाचण्या प्रकाशकाच्या मालकीच्या असतात. बेक यांची नैराश्य सूची पिअर्सनकडून विकत घ्यावी लागते. तिच्या छायाप्रती काढून वापरल्याचे प्रबंधात लिहिले तर आपल्याच हाताने पुरावा दिल्यासारखे होते. पीएचक्यू-९ (नैराश्याची) आणि डास-२१ (नैराश्य, चिंता व ताण यांची) या प्रश्नावल्या विनामूल्य वापरता येतात. आधीपासून मराठी आवृत्ती आहे का, ते मूळ लेखकांना वा हक्कधारकांना ईमेल करून विचारा आणि ते उत्तर जपून ठेवा. परिशिष्टात लागते.

भाषांतर दोघांनी स्वतंत्रपणे करायचे. एकाला मानसशास्त्र कळते, दुसऱ्याला मुळीच नाही, पण मराठी उत्तम. दोन्ही मसुदे एकत्र करून तिसरा. मग मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या व्यक्तीने तो परत इंग्रजीत न्यायचा. परत आलेला इंग्रजी मजकूर मुळाशी तंतोतंत जुळला म्हणजे काम झाले असे समजू नका. शब्दशः, अवघडलेले भाषांतरच सर्वांत सुबक परत जाते. डास-२१ मधल्या एका विधानात ‘ब्लू’ वाटणे आहे. ‘मला निळे वाटले’ असे केले तर परत ‘ब्लू’च येईल, आणि बाईंना काही कळणार नाही.

मराठीच्या स्वतःच्या अडचणी आहेत. पहिली, क्रियापदाचे लिंग. ‘मी घाबरलो’ लिहिले की बायका सुटतात, ‘घाबरलो/घाबरले’ अशी तिरकी रेघ टाकली तर कमी शिकलेल्यांचे वाचन अडखळते. त्यापेक्षा ‘मला भीती वाटली’, ‘मला अस्वस्थ वाटले’ अशी रचना करा. बहुतेक विधाने तशी वळवता येतात. दुसरी, ‘काळजी’. ती वाटते तशी घेतलीही जाते. ‘मी मुलांची खूप काळजी करते’ याला आई अभिमानाने ‘नेहमीच’ म्हणेल आणि तुमच्याकडे तिची चिंतेची पातळी वर जाईल. तिसरी, दुहेरी नकार. रोझेनबर्ग यांच्या आत्मसन्मान मापनीत दहापैकी पाच विधाने उलटी आहेत. ‘अभिमान वाटावा असे माझ्याकडे फारसे काही नाही’ या विधानाशी ‘असहमत’ म्हणायचे म्हणजे काय म्हणायचे, हे पदवीधरालाही दोनदा वाचावे लागते. त्याच मापनीतले ‘मला स्वतःबद्दल अधिक आदर वाटायला हवा होता’ या आशयाचे विधान अनेक भाषांत दगा देते, कारण त्याला ‘हो’ म्हणणे हा कमीपणा नसून विनय वाटतो. शेवटची गोष्ट शब्दकोशाची. ‘ताण’ हा पुस्तकातला शब्द, बोलण्यात ‘टेन्शन’. गावात विचारताना टेन्शनच लिहा. भाषाशुद्धी दुसरीकडे करता येईल.

मसुदा झाला की ज्यांच्यासाठी आहे अशा १०-१५ बायकांसमोर बसा. एकेक विधान वाचून ‘यातून तुम्हाला काय समजलं?’ एवढेच विचारा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत टिपा. हा टप्पा गाळला तर पुढचा सगळा डेटा वाळूवर उभा राहतो, आणि सर्वांत जास्त गाळला जातो तो हाच. त्यानंतर सुमारे १०० जणींवर पूर्वचाचणी. एकूण गुणांशी ०.३० पेक्षा कमी जुळणारे विधान संशयित माना. लगेच काढू नका, उलट गुणांकन करायचे राहिले आहे का ते आधी पाहा. दहातल्या नऊ वेळा तेच निघते. द्विभाषिक लोक मिळाले तर दोन आठवड्यांच्या अंतराने दोन्ही भाषांत चाचणी द्या, निम्म्यांना आधी मराठी. घटक रचना (कोणती विधाने एकत्र गट करतात ते) तपासायची असेल तर २०० हून अधिक वेगळे लोक लागतील. हे सगळे व्हायला सहा ते आठ महिने धरा. आणि हो, डास-२१ चे गुण ४२ विधानांच्या मूळ मापदंडांशी ताडायचे तर दुप्पट करावे लागतात. हे विसरल्यामुळे सगळा नमुना ‘सामान्य’ निघाल्याची उदाहरणे आहेत.

वाचता न येणाऱ्या बायकांना विधाने वाचून दाखवावी लागतील. मग सगळ्यांनाच वाचून दाखवा, निम्म्यांना कागद आणि निम्म्यांना तोंडी असे करू नका. सासू किंवा नवरा शेजारी असेल तर ती प्रश्नावली भरून घेऊ नका, दुसरी वेळ ठरवा.

प्रश्न : आठवी-नववीच्या मुलांवर काम आहे. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली. आणखी काही लागते का? प्रश्नावलीत एक प्रश्न आत्महत्येच्या विचारांचा आहे. (नाशिक)

उत्तर : मुख्याध्यापकांची परवानगी म्हणजे शाळेचे फाटक उघडले, इतकेच. संस्थेच्या नीती समितीची मान्यता डेटा गोळा करण्याआधी लागते. मागाहून ती मिळत नाही, आणि ती नसेल तर चांगली नियतकालिके निबंध परत करतात. पालकांची लेखी संमती आणि मुलांची स्वतःची सहमती, दोन्ही हवीत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ ते १२ वयाला तोंडी आणि १२ ते १८ ला लेखी सहमती घेतात. ‘हरकत असेल तरच कळवा’ अशी चिठ्ठी घरी पाठवणे ही संमती नव्हे.

आत्महत्येच्या प्रश्नाचे नियोजन आधी झाले पाहिजे. पीएचक्यू-९ मध्ये नववा प्रश्न हाच आहे. उत्तरपत्रिका गोळा केल्यावर शाळेतून बाहेर पडण्याआधी तो एक प्रश्न प्रत्येक कागदावर तपासायचा. कोणी होकारार्थी खूण केली तर त्याच दिवशी कोण बोलणार, पालकांना कोण कळवणार, कोणत्या डॉक्टरांकडे पाठवणार, हे समितीला दिलेल्या अर्जात नावानिशी असावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक सगळ्याच मुलांना द्या, फक्त खूण करणाऱ्यांना वेगळे काढून नव्हे. यासाठी कागदांवर सांकेतिक क्रमांक लागतात, म्हणून ‘पूर्ण निनावी’ असे मुलांना सांगू नका. ‘गोपनीय, पण तुझ्या जिवाला धोका वाटला तर सांगावे लागेल’ असे सांगा. एवढी तयारी होणार नसेल तर तो प्रश्न असलेली चाचणी वापरू नका.

प्रश्न : गूगल फॉर्मने दोन दिवसांत ३५० प्रतिसाद आले. पुरे ना? (नागपूर)

उत्तर : लिंक कोणत्या व्हॉट्सॲप गटांत फिरली? तुमचा नमुना म्हणजे तुमचे मित्र आणि त्यांचे मित्र. तसे प्रबंधात स्पष्ट लिहा, ‘यादृच्छिक नमुना’ असे लिहू नका. मग साफसफाई : दुहेरी नोंदी, सगळीकडे ‘३’ वर खूण करणारे, ‘या विधानाला पूर्ण सहमत निवडा’ अशा लक्ष-तपासणीत नापास झालेले. काढून टाकण्याचे निकष डेटा पाहण्याआधी लिहून तारीख घाला.

प्रश्न : फेलोशिप कोणकोणत्या? (परभणी)

उत्तर : जेआरएफ पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि पुढे एसआरएफ (वरिष्ठ संशोधन फेलोशिप) म्हणून ४२,००० रुपये आहे (१ जानेवारी २०२३ पासूनचे दर), जास्तीत जास्त पाच वर्षे. घरभाडे वेगळे. आकस्मिक खर्चाला सामाजिक शास्त्रांसाठी पहिली दोन वर्षे वार्षिक १०,००० आणि नंतर २०,५०० रुपये. जेआरएफची वयोमर्यादा ३० आहे, महिला व राखीव गटांना पाच वर्षांची सवलत. राज्यात अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी गटासाठी सारथी, ओबीसी-भटक्या विमुक्तांसाठी महाज्योती. यांच्या जाहिरातींचा महिना ठरलेला नसतो आणि नोंदणीची तारीख पात्रतेत धरली जाते, म्हणून विद्यापीठाचे नोंदणीपत्र मिळाले की त्याच दिवशी स्कॅन करून ठेवा. आयसीएसएसआरचीही (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची) डॉक्टरेटसाठी फेलोशिप आहे. कोणत्याही फेलोशिपचे पैसे दरमहा वेळेवर येतील हे गृहीत धरून खोली भाड्याने घेऊ नका. सहा महिन्यांची सोय हाताशी असू द्या.

प्रश्न : दोन शोधनिबंध छापल्याशिवाय प्रबंध घेत नाहीत, असे ऐकले. एक नियतकालिक २,००० रुपयांत आठवड्यात छापून देते. शिवाय साहित्यचौर्य तपासणीत १८ टक्के आले आहेत. (अमरावती)

उत्तर : यूजीसीच्या २०२२ च्या विनियमांत प्रकाशनाची सक्ती नाही. तुमच्या विद्यापीठाने ती ठेवली असेल तर परिपत्रक मागा. ‘यूजीसी-केअर’ ही मान्य नियतकालिकांची यादी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे जाहिरातीत अजून तो शिक्का मिरवणारे नियतकालिक तिथेच उघडे पडते. आठवड्यात छापणाऱ्याकडे तुमचा निबंध कोणी वाचलेलाच नसतो. मुलाखतीच्या टेबलावर त्याची किंमत शून्य, कधी शून्याखाली.

१८ टक्क्यांचे म्हणाल तर, यूजीसीच्या २०१८ च्या साहित्यचौर्यविषयक विनियमांत १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० मध्ये जास्तीत जास्त सहा महिन्यांत दुरुस्त करून पुन्हा द्यायचे, ४० ते ६० मध्ये वर्षभर बंदी, ६० च्या वर नोंदणी रद्द. पण आधी अहवाल उघडून पाहा. संदर्भसूची, अवतरणचिन्हांतला मजकूर, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश आणि सलग चौदा शब्दांपर्यंतची सामान्य जुळणी यांना वगळायचे असते. मानसशास्त्रात चाचणीचे वर्णन आणि परिशिष्टातली प्रश्नावली हीच बरीच टक्केवारी खातात. त्या वगळून उरले ते तुमचे. शब्द फिरवून देणारे सॉफ्टवेअर वापरू नका. ते ‘प्रमाणित विचलन’चे ‘मानक भटकंती’ करून ठेवते आणि रेफरी हसतो.

प्रश्न : प्रबंध मराठीत लिहू का? (रत्नागिरी)

उत्तर : विद्यापीठाचा नियम परवानगी देत असेल तर जरूर. मराठी प्रबंध शोधगंगेवर आहेत. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. बाहेरचे रेफरी मराठी वाचणारे हवेत, म्हणजे निवड कमी आणि वाट पाहणे जास्त. आणि पारिभाषिक शब्द एकच धरा : पहिल्या प्रकरणात ‘दुश्चिंता’, चौथ्यात ‘चिंता’ आणि निष्कर्षात ‘काळजी’ असे झाले तर ती तीन वेगळी चले वाटतात. मुलाखतींवर आधारलेले गुणात्मक संशोधन असेल तर मराठीच बरी. माणसे ज्या शब्दांत बोलली ते शब्द तसेच राहतात.

प्रश्न : मुलीला अमेरिकेत क्लिनिकल पीएच.डी. करायची आहे. ब्रिटन स्वस्त आणि तीन वर्षांत होते म्हणतात. (ठाणे)

उत्तर : ही दोन वेगळी झाडे आहेत. अमेरिकेत क्लिनिकल सायकॉलॉजीची पीएच.डी. म्हणजे संशोधन आणि रुग्णांचे प्रशिक्षण दोन्ही, शेवटी एक वर्षाची इंटर्नशिप. सगळे मिळून पाच ते सात वर्षे. एपीएची (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची) मान्यता असलेला अभ्यासक्रमच घ्यावा, कारण परवाना प्रत्येक राज्य वेगळा देते आणि मान्यता नसली की तिथे अडते. पीएच.डी.ला बहुधा शुल्कमाफी आणि विद्यावेतन असते, साय.डी.ला (पीएसवायडी, उपचारावर भर असलेली डॉक्टरेट) बहुधा खिशातून भरावे लागते. अर्ज साधारण डिसेंबरात आणि ते एका विशिष्ट प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेसाठी असतात. ‘मला लोकांना मदत करायची आहे’ असे पत्रात लिहून काही होत नाही. त्या प्राध्यापकांचा कोणता निबंध वाचला आणि पुढचा प्रश्न काय, हे लिहायचे.

ब्रिटनमधली तीन-चार वर्षांची पीएच.डी. शुद्ध संशोधनाची असते, ती करून रुग्ण पाहता येत नाहीत. तिथे चिकित्सक व्हायला तीन वर्षांची वेगळी डॉक्टरेट (डीक्लिनसाय) लागते आणि ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ हे नाव एचसीपीसी या तिथल्या नियामक संस्थेच्या नोंदणीशिवाय लावता येत नाही. तिच्या सरकारी खर्चाच्या जागा प्रामुख्याने तिथल्या रहिवाशांसाठी असतात. एजंट पहिली दाखवून दुसरीचे स्वप्न विकतात. फी भरण्याआधी ‘ही पदवी घेतल्यावर एचसीपीसीत नोंदणी होते का?’ एवढा एकच प्रश्न विद्यापीठाला लेखी विचारा.

प्रश्न : प्रबंध सादर करून सात महिने झाले. एका रेफरीचा अहवाल प्रतिकूल आला असे कानावर आहे. आता सगळे बुडाले का? (सोलापूर)

उत्तर : नाही. किमान दोन बाहेरचे परीक्षक असतात. एकाने नाकारले तर विद्यापीठ तिसऱ्याकडे पाठवते, आणि त्यानेही नाकारले तरच प्रबंध फेटाळला जातो. सादर केल्यापासून सहा महिन्यांत प्रक्रिया पूर्ण करायची असा नियम आहे, म्हणून परीक्षा विभागाकडे लेखी विचारणा करायला हरकत नाही. तोंडी विचारलेल्याची नोंद राहत नाही. ‘दुरुस्त्या करा’ आणि ‘नाकारला’ या वेगळ्या गोष्टी आहेत, तुमच्या कानावर आलेले बहुधा पहिले असू शकते. अहवाल हाती आला की प्रत्येक आक्षेपाचा तक्ता करा : एका रकान्यात आक्षेप जशाच्या तशा शब्दांत, दुसऱ्यात तुम्ही काय बदलले, तिसऱ्यात पान क्रमांक. एखादा आक्षेप मान्य नसेल तर कारण देऊन तसे लिहा. व्हायवा (तोंडी परीक्षा) खुला असतो. ‘नमुना एवढाच का?’, ‘ही चाचणी का?’, ‘हे निष्कर्ष तुमच्या गटाबाहेर कुठवर लागू होतात?’ हे तीन प्रश्न येतातच. त्यांची उत्तरे गाइडसमोर एकदा मोठ्याने देऊन पाहा. आणि कच्चा डेटा असलेली फाइल त्या दिवशी पेनड्राइव्हवर सोबत असू द्या.